प्रीती, अप्रीती आणि यंत्र : लेखकत्व व उत्तरदायित्व यांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

वाङ्मयविचारात 'लेखक' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वावरत असते. एका अर्थाने लेखक हा संहितेच्या आशयाचा उगम असतो. शब्दांमागे कोणाचे मन उभे आहे, या प्रश्नाचे तो उत्तर असतो. दुसऱ्या अर्थाने लेखक म्हणजे त्या शब्दांबद्दल ज्याला जाब विचारता येतो तो माणूस. बहुधा हे दोन्ही अर्थ एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकवटलेले असतात आणि म्हणून त्यांच्यातील भेद आपल्या ध्यानात येत नाही. विवेचनाच्या सोयीसाठी पहिल्याला 'उगमकर्तृत्व' आणि दुसऱ्याला 'उत्तरदायी कर्तृत्व' असे म्हणू.

रोलां बार्त यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची जी घोषणा केली, ती उगमकर्तृत्वाविषयी होती. अर्थ लेखकाच्या मनात नसून भाषेत आणि वाचनक्रियेत सिद्ध होतो, हा तिचा मथितार्थ. मिशेल फुको यांनी १९६९ साली 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात याच प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. लिहिण्याबद्दल शिक्षा होऊ शकते, अशी स्थिती निर्माण झाली तेव्हा संहितांना खऱ्या अर्थाने लेखक मिळू लागले, हे त्यांचे निरीक्षण उत्तरदायी कर्तृत्वाविषयीचे आहे. मराठी समीक्षेने बार्त यांचे प्रतिपादन ज्या उत्साहाने चर्चेत आणले, तो उत्साह फुको यांच्या या ऐतिहासिक निरीक्षणाच्या वाट्याला आला नाही, असे मला वाटते. आज भाषा निर्माण करणाऱ्या यंत्रांमुळे ही उणीव विशेष जाणवते.

या यंत्रांविषयी चाललेला वाद पुष्कळसा उगमकर्तृत्वाभोवतीच घुटमळतो. यंत्राला कळते का, त्याला मन आहे का, त्याची निर्मिती ही 'निर्मिती' म्हणावी का, असे प्रश्न विचारले जातात. ते निरर्थक नाहीत. परंतु समाजाच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न दुसरा आहे : या शब्दांबद्दल उत्तर कोण देणार? हा प्रश्न यंत्राच्या आधीपासूनचा आहे. तो कसा घडत गेला हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात प्रथम १८९७ सालची मुंबई आणि १९५२ सालचे मँचेस्टर या दोन स्थळी जायचे आहे. या दोन्ही ठिकाणी स्ट्रॅची हे एकच आडनाव भेटते. आर्थर स्ट्रॅची हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. क्रिस्तोफर स्ट्रॅची हे संगणकशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. आर्थर हे क्रिस्तोफरच्या वडिलांचे सख्खे चुलतभाऊ. या नात्यातून कोणताही कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे उघड आहे. तरीही एकाच घराण्यातील या दोन व्यक्तींनी संहिता आणि तिचा जबाबदार माणूस यांच्या संबंधाची दोन टोके गाठली, म्हणून ती शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

२

हिंदुस्थानात छापील शब्दाला नाव जोडण्याची सक्ती वाङ्मयीन कारणांनी आली नाही. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ आणि प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ घालणे बंधनकारक केले. लेखकाचे नाव मात्र या कायद्याने मागितले नव्हते. राज्यकर्त्यांना कवी कोण हे कळण्याची निकड नव्हती. ज्याच्या दारात शिपाई पाठवता येईल असा माणूस हवा होता. नियतकालिकाच्या प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापण्याची तरतूद पुढे १९२२ मध्ये आली. हा कायदा वेळोवेळी दुरुस्त होत मार्च २०२४ पर्यंत टिकला आणि मग २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. पुस्तकाच्या आरंभीच्या ज्या पानावरून आपण न वाचताच पुढे जातो, त्या पानाचा हा पूर्वेतिहास आहे.

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या मुखी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली. कवितेखाली कवीचे खरे नाव नव्हते. आठवड्याभरात, २२ जूनला, पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि जुलै महिन्यात टिळकांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये खटला आर्थर स्ट्रॅची यांच्यासमोर चालला. 'केसरी'चे मुद्रक सहआरोपी होते, ते सुटले. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तर तिघा हिंदी ज्यूरींचा कौल निर्दोषत्वाचा होता. बहुमताप्रमाणे दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

वाङ्मयविचाराच्या दृष्टीने या खटल्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट अर्थासंबंधीची. १८७० मध्ये दंडसंहितेत घातलेल्या १२४अ कलमातील कळीचा शब्द ज्याला मराठीत 'अप्रीती' म्हणतात तो होता. प्रीतीचा अभाव म्हणजे अप्रीती, असा त्याचा अतिव्यापक अर्थ स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितला. द्वेष, वैर, तिरस्कार आणि सरकारविषयीचा कोणताही दुर्भाव त्यात सामावून घेतला. प्रजेच्या अंतःकरणात सरकारविषयी प्रीती नसणे आणि ती नाहीशी करणारे शब्द वापरणे, हाच गुन्हा ठरला. दुसरी गोष्ट कर्तृत्वासंबंधीची. अशा मजकुराचा प्रत्यक्ष लेखक कोण हे पाहण्याचे कारण नाही. अप्रीती चेतवण्याच्या हेतूने शब्दांचा किंवा छापील मजकुराचा जो कोणी कोणत्याही प्रकारे उपयोग करतो, तो या कलमाखाली जबाबदार आहे, असे स्ट्रॅची यांनी प्रतिपादिले.

या दोन सूत्रांचा एकत्र विचार केला म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. संहितेचा अर्थ तिच्या उगमापाशी शोधायचा नाही. तो वाचकावर होणाऱ्या संभाव्य परिणामातून ठरवायचा. संहितेचा कर्ताही तिच्या उगमापाशी शोधायचा नाही. तिचा उपयोग करणाऱ्याला पकडायचे. लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त मांडला जाण्याआधी सत्तर वर्षे मुंबईच्या न्यायालयाने लेखकाला असे बाजूला सारले होते. वाचक मात्र त्यामुळे मुक्त झाला नाही. सत्ताधारी वाचकाने केलेला अर्थ तेवढा अधिकृत ठरला.

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात हे अधिक स्पष्ट झाले. १२ मे व ९ जून १९०८ च्या अग्रलेखांवरून उभ्या राहिलेल्या या खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. मूळ मराठी शब्दांचा आशय सरकारी इंग्रजी भाषांतरात विकृत झाला आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा मोठा भाग होता. सात युरोपियन व दोन पारशी ज्यूरींनी सातविरुद्ध दोन असा कौल दिला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती मंडाले येथे भोगावी लागली. अग्रलेखाखाली सही नसते, हा वृत्तपत्रांचा प्रघात. त्या न केलेल्या सहीबद्दल एका माणसाने सहा वर्षे दिली. उत्तरदायी कर्तृत्व म्हणजे काय, याचे मराठीतील हे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय.

३

आता मँचेस्टरकडे वळू. तेथील विद्यापीठात फेरांटी कंपनीने बनवलेला संगणक १९५१ साली बसवण्यात आला होता. अ‍ॅलन ट्यूरिंग तेथेच काम करीत होते आणि 'यंत्र विचार करू शकते का' या प्रश्नाची चर्चा करणारा त्यांचा निबंध १९५० साली 'माइंड' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला होता. केंब्रिजपासून ट्यूरिंगशी परिचय असलेले क्रिस्तोफर स्ट्रॅची त्या वेळी हॅरो येथील शाळेत शिक्षक होते. १९५२ साली त्यांनी या संगणकासाठी प्रेमपत्रे लिहिणारी एक आज्ञावली रचली.

तिची रीत साधी होती. संबोधनांच्या, विशेषणांच्या, नामांच्या, क्रियाविशेषणांच्या व क्रियापदांच्या काही याद्या. वाक्यांचे दोन सांगाडे. आणि प्रत्येक रिकाम्या जागी कोणता शब्द पडावा हे ठरवण्यासाठी यंत्रात बसवलेली यादृच्छिक अंकांची सोय. एवढ्या सामग्रीतून उत्कट, काहीशी बाळबोध, प्रत्येक वेळी निराळी अशी पत्रे निघत. अखेरीस 'एम. यू. सी.' अशी सही असे. ही अक्षरे म्हणजे मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे.

स्ट्रॅची यांनी याविषयी १९५४ मध्ये 'एन्काउंटर' मासिकात लिहिले, तेव्हा योजनेचा ओबडधोबडपणा त्यांनी लपवला नाही. अशा साध्या युक्तीतूनही अनपेक्षित आणि लक्षवेधी परिणाम साधतो, हेच त्यांना दाखवायचे होते. म्हणजे त्या पत्रांतील प्रीती ही वाचकाने पुरवलेली होती. प्रेमपत्र या वाङ्मयप्रकाराचे संकेत वाचकाच्या मनात इतके पक्के असतात, की याद्यांतून पडलेल्या शब्दांनाही तो हृदय बहाल करतो. येथे उगमकर्तृत्व खरोखरच शून्यवत झाले होते. बार्त यांनी ज्या संहितेची सैद्धान्तिक कल्पना केली, ती पंधरा वर्षे आधी एका कागदावर छापून निघाली होती.

परंतु खाली सही होती, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. टिळकांच्या अग्रलेखाखाली सही नव्हती आणि उत्तर देणारा माणूस होता. मँचेस्टरच्या पत्राखाली सही होती आणि उत्तर देणारे कोणी नव्हते. या प्रकरणात फसवणूक कोणाचीच झाली नाही, कारण खेळ उघड होता आणि त्याचा कर्ता स्वतः समोर येऊन तो समजावून देत होता. धोका निर्माण होतो तो हा कर्ता मागे सरकतो तेव्हा. ज्या 'एन्काउंटर'मध्ये हे स्पष्टीकरण छापले गेले, त्या मासिकाला अमेरिकन गुप्तहेर संघटनेचा पैसा मिळत होता, हे १९६७ मध्ये उघड झाले आणि संपादकांपैकी स्टीफन स्पेंडर यांनी राजीनामा दिला. हे ते साल, ज्या साली बार्त यांनी कोण बोलतो आहे हे महत्त्वाचे नाही, अशा आशयाचा सिद्धान्त मांडला. मासिकाच्या वाचकांना मात्र कोण बोलतो आहे आणि कोणाच्या पैशाने, हे फार महत्त्वाचे वाटले.

४

प्रेमपत्रांचा खेळ चौदा वर्षांनी गंभीर झाला. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची आज्ञावली तयार केली आणि जानेवारी १९६६ मध्ये तिच्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे नाव शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील, म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे मराठी प्रेक्षकांच्या ओळखीच्या झालेल्या फुलवालीवरून घेतलेले. शिकवू तसे अधिकाधिक चांगले बोलणारी, असा त्यातील संकेत. मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत ही आज्ञावली बोलणाऱ्याच्या वाक्यातील ठळक शब्द हेरी आणि तेच वाक्य प्रश्नार्थक करून परत करी. मी उदास आहे, असे कोणी लिहिले तर किती दिवसांपासून उदास आहात, असे ती विचारी. तिला उदासी ठाऊक नव्हती. वाक्य फिरवणे तेवढे ठाऊक होते.

आज्ञावली घडताना महिनोन्‌महिने पाहिलेली त्यांची स्वतःची सचिव तिच्याशी थोडा वेळ बोलल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगू लागली, हा प्रसंग त्यांनी पुढे नमूद केला आहे. काही मानसोपचारतज्ज्ञांनी अशा यंत्राकरवी रुग्णसेवेचा विस्तार करण्याची कल्पना मांडली, याचा त्यांना अधिक धक्का बसला. ज्यू कुटुंबात जन्मलेले आणि १९३६ मध्ये नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले वायझेनबाउम यांनी १९७६ मध्ये संगणकाची शक्ती व मानवी विवेक यांची चर्चा करणारा ग्रंथ लिहिला. त्याचे मर्म असे, की हिशेबाने निर्णय काढणे आणि माणूस म्हणून निवड करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राला पहिली येऊ शकते, पण दुसरीची जबाबदारी घेता येत नाही. म्हणून काही कामे यंत्राला जमतील की नाही हा प्रश्नच गौण असून, ती त्याच्याकडे सोपवू नयेत. परस्परांविषयीचा आदर, समजूत आणि प्रेम ज्या कामांच्या गाभ्याशी आहे, ती कामे त्यांनी यात मोडली.

वायझेनबाउम यांचे महत्त्व असे, की त्यांनी वाद उगमाकडून उत्तराकडे वळवला. यंत्र समजू शकत नाही म्हणून त्याला न्यायाधीश करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. समजू लागले तरी चूक झाल्यावर ते कोणासमोर आणि कशाच्या बळावर उभे राहणार, हा त्यांच्या आक्षेपाचा पाया होता.

५

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले, तेव्हा स्ट्रॅचींच्या याद्यांच्या जागी माणसांनी लिहिलेल्या मजकुराचे प्रचंड भांडार आलेले होते. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द किती संभवनीय आहे, हे अशा भांडारातून शिकलेले प्रतिमान पुढचा शब्द निवडते. यादृच्छिकतेला अजूनही त्यात स्थान आहे. फरक दोन ठिकाणी पडला. स्ट्रॅचींची यादी एका माणसाने निवडलेली होती. ही यादी असंख्य माणसांच्या लेखनातून, बहुतेकांना न विचारता जमलेली आहे. आणि खेळ समजावून सांगणाऱ्या एका माणसाच्या जागी कंपनी आली आहे.

येथे आपल्या देशातील दोन तरतुदी आठवाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती, अशी व्याख्या केली गेली. मालकी सांगायची असली की 'निर्माण करवणारा' सापडतो, हे यातून दिसते. दुसरी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ या कलमाची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला पोलिसांनी अटक केली. तिच्याबरोबर, त्या मजकुराला केवळ पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही. शब्दांचा कोणत्याही प्रकारे उपयोग करणारा जबाबदार, हे १८९७ चे सूत्र ११५ वर्षांनी बोटाच्या एका स्पर्शापर्यंत येऊन पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ कलम घटनाबाह्य ठरवले. १२४अ कलमाची अंमलबजावणी मे २०२२ मध्ये स्थगित झाली आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेबरोबर ते गेले; मात्र नव्या न्यायसंहितेच्या १५२ व्या कलमात त्याचा वारसा शिल्लक आहे, अशी टीका होत असते.

याच्या शेजारी कॅनडातील एक निर्णय ठेवून पाहावा. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने, घरातील मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला भाड्यातील सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. त्याने दाद मागितली, तेव्हा हे संवादयंत्र म्हणजे जणू स्वतःच्या कृत्यांना स्वतः जबाबदार असलेली वेगळी विधिव्यक्ती आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीकडून पुढे आला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ८१२ डॉलर देवविले. रक्कम क्षुल्लक आहे. बचावाचे स्वरूप क्षुल्लक नाही. प्रेमपत्राखालची ती 'एम. यू. सी.' अशी गमतीची सही आता कायदेशीर ढाल होऊ पाहत होती. न्यूयॉर्कमधील एका न्यायाधीशांनी जून २०२३ मध्ये, चॅटजीपीटीने रचलेले अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. तेथेही शेवटी सही करणाऱ्या माणसालाच उत्तर द्यावे लागले आणि तसे होणे योग्यच होते.

ही उदाहरणे एकत्र केली म्हणजे आपल्या काळातील विषमता स्पष्ट होते. ज्याच्यापाशी सत्ता नाही त्याचे उत्तरदायित्व आकुंचन न पावता पसरत गेले आहे. पसंतीची खूणही त्याच्या गळ्यात पडते. ज्यांच्यापाशी भाषा घाऊक प्रमाणात निर्माण करण्याचे साधन आहे, त्यांना मात्र उगमकर्तृत्वाच्या धुक्याआड मागे सरता येते : हे आम्ही लिहिले नाही, यंत्राने लिहिले, यंत्राने लिहिले नाही, भांडारातील संभवनीयतेने लिहिले. लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त वाचकाच्या मुक्तीसाठी मांडला गेला होता. तो मालकाच्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून वापरला जाणे ही त्याची शोकांतिका ठरेल.

६

यावर एक सयुक्तिक आक्षेप येऊ शकतो. व्यक्तिनिष्ठ लेखकत्व ही मुद्रणयुगाची आणि वसाहतकालीन कायद्याची देणगी असेल, तर तिचाच आग्रह का धरावा? मराठी परंपरेत 'नामा म्हणे' ही नाममुद्रा एकट्या नामदेवांची राहिलेली नाही. विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींनीही ती धारण केली आणि कोणता अभंग कोणाचा, हा संशोधकांचा कायमचा वादविषय झाला. 'तुका म्हणे' या मुद्रेच्या बाबतीतही क्षेपकांचा प्रश्न आहेच. समूहाच्या साठ्यातून बोलणारे यंत्र याच परंपरेचे नवे रूप का मानू नये?

साम्य आहे, पण ते अर्धेच आहे. दुसऱ्याची नाममुद्रा धारण करणारा कवी आपले उगमकर्तृत्व सोडून देतो; उत्तरदायित्व मात्र सोडत नाही, ते वाढवतो. 'म्हणे' या क्रियापदाने तो आपले शब्द एका थोर नावाच्या कसोटीला लावतो. ते शब्द कीर्तनात, फडावर, वारीत म्हटले जातात. ऐकणारा समाज ते स्वीकारतो, दुरुस्त करतो किंवा टाकून देतो. ही अनामिकता सर्वांच्या नजरेसमोरची आहे आणि तिच्यात कोणाचाही खाजगी नफा नाही. यंत्राच्या अनामिकतेत साठा सर्वांचा असतो आणि लाभ मोजक्यांचा. शिवाय यंत्राचे प्रत्येक उत्तर एकेका माणसाला एकट्याने, बंद खोलीत मिळते. समाजाने ऐकून दुरुस्त करावे अशी जागाच तेथे उरत नाही.

म्हणून समीक्षेपुढील कार्य लेखकाला पुन्हा सिंहासनावर बसवण्याचे नाही. उगमकर्तृत्वाविषयीचा आपला संशय कायम ठेवून उत्तरदायी कर्तृत्वाचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याचे आहे : हे शब्द कोणी चालवले, कोणाच्या साठ्यातून, कोणाच्या लाभासाठी आणि चुकल्यास कोण पुढे येईल? हे प्रश्न आजवर प्रामुख्याने सरकारी वकील विचारीत आला आणि दुर्बळांना विचारीत आला. ते बलवानांना विचारण्याची रीत घडवायची असेल, तर संहिता कशा वाचाव्यात हे ज्यांना शिकवले गेले आहे, त्यांना या कामापासून दूर राहता येणार नाही. १८६७ च्या कायद्याने छापखान्याच्या धन्याकडून त्याचे नाव मागितले होते. त्या मागणीचा हेतू दडपशाहीचा होता. पण 'म्हणे' या क्रियापदाला कर्ता असला पाहिजे, हे व्याकरण दडपशाहीच्या आधीचे आहे आणि ते आपण सोडू नये.